झाडांच्या वलयांत उमटलेले वणवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटायला लागले की माझ्याकडे प्रश्नही यायला लागतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली, म्हणजे ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोमधली आहेत. झाडांच्या वलयांवरून जुन्या वणव्यांची वर्षं शोधायचं हे शास्त्र तिथेच रुजलं आणि तिथलं पाँडेरोसा पाइन हे झाड यासाठी फार सोयीचं आहे. आपल्याकडचं काय, हे ज्यांना आधी वाचायचं आहे त्यांनी थेट प्रश्न १५ वर जावं.

१. वणव्याची खूण झाडाच्या आत उमटते कशी?

जमिनीलगत सरकणारी आग गवत, काटक्या आणि गळालेल्या सुया जाळत येते आणि बुंध्याला भिडते. सालीच्या आत कॅम्बियम नावाचा पातळ जिवंत थर असतो. दरवर्षीचं नवं लाकूड तोच घडवतो. या थराचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की त्या पेशी मरतात. जिथे साल पातळ असते किंवा आग जास्त वेळ रेंगाळते, तिथला तेवढाच पट्टा मरतो. बाकीचा घेर जिवंत राहतो आणि झाड वाढत राहतं.

मेलेल्या पट्ट्यावर पुढच्या वर्षी वलय तयार होत नाही. दोन्ही कडांचं जिवंत लाकूड मात्र जोमाने फुगतं आणि जखमेवर वळत येतं. करंजीच्या कडेला मुरड घालतात ना, साधारण तसं. घासून गुळगुळीत केलेली चकती हातात घेतली तर हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. आतली वलयं शांत, समांतर चाललेली असतात. मग एका ठिकाणी वलयाची रेघ तुटते, तिथे राळेने गडद झालेली बारीक फट दिसते आणि तिच्या बाहेरची वलयं एकदम रुंद होऊन आत वळतात. ती तुटलेली रेघ म्हणजे वणव्याचं वर्ष.

२. आग लागली तर झाड जळून जायला हवं. मग नोंद ठेवायला उरतं कोण?

सगळे वणवे शेंड्यापर्यंत चढत नाहीत. पाँडेरोसाच्या जुन्या, मोकळ्या जंगलात आग बहुतेक वेळा गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी जमिनीवरून जायची. मोठ्या पाँडेरोसाची साल जाड असते, खालच्या फांद्या गळून गेलेल्या असतात आणि शेंडा ज्वाळांपासून दूर असतो. रोपं मरायची, मोठी झाडं वाचायची. म्हणजे या सगळ्या नोंदी वाचलेल्या झाडांनी लिहिलेल्या आहेत. जिथे काहीच वाचत नाही तिथे काय करतात, ते प्रश्न १२ मध्ये पाहा.

३. खूण बुंध्याच्या एकाच बाजूला का असते?

उतारावर पालापाचोळा, सुया, पडलेल्या फांद्या घरंगळत येतात आणि बुंध्याच्या चढाकडच्या बाजूला अडकतात. तिथे जळण जास्त, म्हणून आग जास्त वेळ थांबते. वाऱ्याचाही हात असतो. बुंध्याला वळसा घालून गेलेल्या ज्वाळा मागच्या, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला भोवऱ्यासारख्या फिरतात आणि तीच बाजू भाजते.

एकदा जखम झाली की तिथे साल उरत नाही आणि राळ पाझरत राहते. पुढच्या वेळी साधी आगही त्याच जागी डसते. असं पुन्हा पुन्हा होऊन बुंध्याशी त्रिकोणी, काळपट पोकळी तयार होते. अमेरिकेतले वनकर्मचारी तिला ‘कॅटफेस’ म्हणतात. संशोधक नेमकी हीच झाडं शोधतात, कारण एकाच बुंध्यात दहा-वीस वणव्यांच्या खुणा एकीवर एक रचलेल्या सापडू शकतात.

४. वर्ष नक्की कसं ठरवतात? बाहेरून आत वलयं मोजत गेलं की झालं का?

नाही, आणि नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अतिकोरड्या वर्षी बुंध्याच्या काही भागात वलय तयारच होत नाही. एखाद्या वर्षी मध्येच पाऊस पडून एकाच हंगामात दोन वलयांसारखं दिसणारं लाकूड बनतं. जखमेच्या आसपास तर वाढ आणखी वेडीवाकडी असते. दोनशे वलयांत तीन चुकली तर १८०६ चा वणवा १८०९ चा होतो आणि शेजारच्या डोंगरावरच्या नोंदीशी मेळ बसत नाही.

म्हणून क्रॉसडेटिंग करतात, म्हणजे झाडाझाडांच्या वलयांची जुळणी. एका प्रदेशातली सगळी झाडं एकच दुष्काळ आणि एकच सुकाळ भोगतात, त्यामुळे अरुंद-रुंद वलयांचा क्रम त्या सगळ्यांत सारखा असतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येत १५८०, १७४८, १८४७, १९०४, २००२ ही वर्षं बहुतेक नमुन्यांत बारीक वलयांची म्हणून ओळखू येतात. ती सापडली की मधली वर्षं आपोआप जागेवर बसतात. झाड मेलेलं असलं, बुंधा कधी कापला हे कुणालाच ठाऊक नसलं, तरी त्याच्या वलयांचा क्रम जिवंत झाडांच्या क्रमावर बसवून तारीख काढता येते.

ही पद्धत ए. ई. डग्लस यांनी पक्की केली. ते मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं चक्र पृथ्वीच्या हवामानात दिसतं का, हे शोधायला ते वलयांकडे वळले. १९३७ मध्ये टूसॉनला ॲरिझोना विद्यापीठात त्यांनी वृक्षवलय प्रयोगशाळा सुरू केली. वणव्यांच्या इतिहासाचं कितीतरी काम पुढे याच प्रयोगशाळेत झालं.

५. वणवा कोणत्या महिन्यात लागला, हेही कळतं म्हणतात. खरं का?

महिना नाही, पण हंगाम कळतो. पाइनच्या एका वलयात आधी फिकट, मऊ लाकूड बनतं आणि हंगाम संपताना गडद, टणक पट्टा. जखम फिकट भागाच्या सुरुवातीला आहे, मध्ये आहे, शेवटाला आहे, की गडद पट्ट्यात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन वलयांच्या बरोबर सीमेवर असेल तर आग लागली तेव्हा वाढ थांबलेली होती.

ॲरिझोना-न्यू मेक्सिकोमध्येही मान्सून असतो, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. तिथे पाऊस जुलैच्या सुमाराला येतो. त्याआधीचे मे-जून कडक कोरडे आणि त्याच सुमाराला पावसाशिवाय वीज पडायला लागते. जुन्या खुणा मोठ्या संख्येने वलयाच्या सीमेवर किंवा फिकट लाकडाच्या सुरुवातीच्या भागात सापडतात, ते यामुळेच.

६. नमुना घ्यायला झाड तोडावं लागतं का?

बहुधा नाही. आधी मेलेले बुंधे, पडलेले ओंडके आणि जुन्या तोडीचे खुंट पाहतात. राळेने मुरलेलं पाइनचं लाकूड कोरड्या हवेत शतकानुशतकं टिकतं, त्यामुळे असे नमुने भरपूर मिळतात. जिवंत झाडच घ्यायचं असेल तर चेनसॉने पोकळीच्या एका कडेवरून काही सेंटीमीटर जाडीचा तुकडा कापतात. बुंध्याचा बाकी घेर तसाच राहतो. असा तुकडा काढलेली झाडं वर्षानुवर्षांनी जाऊन पुन्हा तपासली गेली आहेत आणि त्यातली बहुतेक जिवंत सापडली.

मग खरं कष्टाचं काम सुरू होतं. यंत्राला आधी जाडा, मग क्रमाक्रमाने बारीक पॉलिश पेपर लावून तुकडा घासत जायचा, पेशी एकेक दिसेपर्यंत. लाकडावर एक ओरखडा जरी राहिला तरी एखादं बारीक वलय हातचं जातं.

७. नुसती सळई काढून भागत नाही का? इन्क्रिमेंट बोअररने, म्हणजे बुंध्यात फिरवत घालायच्या पोकळ गिरमिटाने काढतात तशी?

वय आणि हवामानासाठी ती सळई उत्तम. पण ती जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची असते आणि वणव्याची खूण ओळखायला वलय तुटलेलं, वळलेलं दिसावं लागतं. तेवढा विस्तार सळईत मावत नाही.

८. ही जखम आगीचीच कशावरून? वीज, कुऱ्हाड, अस्वल, दरड, काहीही असू शकतं.

बरोबर शंका आहे. आगीची जखम बुंध्याच्या तळापासून सुरू होते, वर निमुळती होत जाते आणि बऱ्याचदा कोळपलेली असते. विजेची जखम लांब पट्ट्यासारखी वरून खाली येते. दगड आदळून झालेली जखम कुठेही, कितीही उंचीवर असू शकते. पाँडेरोसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथले आदिवासी वसंतात झाडाची साल सोलून आतला गोडसर थर खायला घेत. त्या जखमा जमिनीपासून वर सुरू होतात आणि कधी कधी कडेला हत्याराचे घाव दिसतात.

तरीही एकट्या झाडाची साक्ष पुरत नाही. त्याच वर्षाची खूण जवळच्या इतर झाडांवरही मिळाली की शंका मिटते.

९. खूण नाही म्हणजे आग लागली नाही, असं म्हणता येईल का?

म्हणता येत नाही. आग झाडाजवळून जाते आणि जखम होत नाही, असं सर्रास घडतं. जखम होते आणि पुढच्या वणव्यात तो भागच जळून जातो, असंही घडतं. म्हणून एका झाडावरची नोंद ही कमीत कमी संख्या समजायची.

यावर उपाय म्हणजे एका परिसरातली पुष्कळ झाडं घेणं आणि सगळ्यांच्या नोंदी एकाखाली एक मांडणं. प्रत्येक झाडाची एक आडवी रेघ, तिच्यावर वणव्याच्या वर्षी एक उभी खूण. असा तक्ता पाहिला की काही वर्षी एखाद-दुसऱ्या झाडावर खूण दिसते आणि काही वर्षी वरपासून खालपर्यंत खुणांची भिंत उभी राहते. पहिला प्रकार लहान, विझून गेलेल्या आगीचा. दुसरा डोंगरच्या डोंगर व्यापणाऱ्या वणव्याचा. ‘मोठे वणवे’ मोजताना संशोधक एक चाळणी लावतात, जसं की नोंद ठेवणाऱ्या झाडांपैकी किमान २५ टक्के झाडांवर खूण हवी. दोन संशोधनांतली ‘सरासरी इतक्या वर्षांनी वणवा’ ही संख्या शेजारी ठेवताना दोघांची चाळणी एकच आहे का, हे आधी बघा. वर्तमानपत्री बातम्यांत हा तपशील नेहमी गळतो आणि मग नको ते निष्कर्ष निघतात.

१०. अशा नोंदी किती मागे जातात?

पाँडेरोसात साधारण तीन-चार शतकांच्या नोंदी सहज मिळतात. सगळ्यात खोल नोंद कॅलिफोर्नियातल्या जायंट सिकोया या अवाढव्य, हजारो वर्षं जगणाऱ्या झाडांची. ‘जायंट फॉरेस्ट’ या राईतल्या ५२ झाडांवरून वृक्षवलयांचे संशोधक टॉम स्वेटनम आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३,००० वर्षांचा वणव्यांचा इतिहास २००९ मध्ये मांडला. त्यात इ.स. ८०० ते १३०० हा काळ सगळ्यात जास्त आगींचा निघाला. तोच त्या भागातल्या प्रदीर्घ दुष्काळांचाही काळ. नाशिकजवळची पांडवलेणी कोरली जात असताना जी झाडं आधीच मोठी होती, त्यांनी या नोंदी ठेवल्या आहेत. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला स्वतःलाच ते नवं वाटतं.

विस्तार म्हणाल, तर उत्तर अमेरिकेतल्या अशा नोंदी आता एकत्र आणल्या आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संग्रहात ३७,००० हून अधिक झाडं आहेत.

११. वणव्याचा पावसाशी संबंध सरळ आहे का? दुष्काळ पडला की आग?

सिकोया किंवा दाट, ओलसर जंगलात बऱ्याच अंशी हो. पाँडेरोसात मात्र गंमत वेगळी आहे. तिथे आग वाहून नेणारं जळण म्हणजे गवत आणि सुया. दुष्काळात गवतच उगवलं नाही तर आग पसरणार कशावरून? म्हणून तिथले मोठे वणवे एक-दोन ओल्या वर्षांनंतर येणाऱ्या कोरड्या वर्षी लागलेले दिसतात. पाऊस जळण उगवतो आणि दुष्काळ ते वाळवतो.

याचं ठळक उदाहरण १७४८. आधीची वर्षं ओली, हे वर्ष कडक. त्या वर्षाच्या खुणा नैर्ऋत्येतल्या कितीतरी डोंगररांगांवर, एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर सापडतात. स्वेटनम आणि हुलिओ बेटनकोर्ट यांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या वणव्यांचा हा चढउतार प्रशांत महासागरातल्या एल निनो आणि ला निना यांच्याशी जोडलेला आहे. एल निनो तिथे बहुधा ओला हिवाळा आणतो, ला निना कोरडा. आपल्याकडे एल निनो म्हटलं की पावसाची चिंता सुरू होते, तिथे त्याचा परिणाम साधारण उलटा असतो.

१२. संपूर्ण जंगलच जळून गेलं तर इतिहास कसा काढतात?

लॉजपोल पाइनसारख्या जंगलात आग शेंड्यांवरून जाते आणि जवळपास सगळी झाडं मारते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा १९८८ चा वणवा त्यातला. अशा ठिकाणी खुणा क्वचित सापडतात, म्हणून झाडांची वयं पाहतात. आगीनंतर एका पिढीची रोपं एकदमच उगवतात. एका पट्ट्यातली शेकडो झाडं जवळपास एकाच वयाची निघाली की त्यांच्या जन्माआधी थोडंसं मागे आग असणार, असा अंदाज बांधतात. उत्तर नेमक्या वर्षात येत नाही. आणखी मागे जायचं तर तळ्याच्या गाळातला कोळसा तपासतात. तो हजारो वर्षांचं सांगतो, पण त्याचं माप दशकांचं आणि शतकांचं असतं.

१३. विसाव्या शतकात खुणा का थांबतात?

नैर्ऋत्येतल्या कुठल्याही पाँडेरोसाचा तक्ता घ्या. साधारण १८८० पर्यंत दर ५ ते २० वर्षांनी खुणा, आणि मग काहीच नाही. शंभर वर्षं कोरी रेघ. माझ्या मते या शास्त्राने सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही कोरी रेघच आहे.

पहिलं कारण मेंढ्या आणि गुरं. १८८० च्या दशकात रेल्वे आली, लोकर आणि मांस दूरच्या बाजारात जाऊ लागलं आणि डोंगरांवर प्रचंड कळप चरायला लागले. आग वाहून नेणारं गवत त्यांनी खाऊन टाकलं. मग सरकार आलं. १९०५ मध्ये वनसेवा स्थापन झाली. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं, आणि त्या धक्क्यातून ‘प्रत्येक आग विझवायचीच’ हे धोरण घट्ट झालं. १९३५ मध्ये नियम झाला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे.

हवामान बदललं म्हणून आगी थांबल्या असतील, असं काही वाचक लिहितात. त्याचं उत्तर सीमेपलीकडे मिळतं. उत्तर मेक्सिकोतल्या काही डोंगरांत हवामान तसंच, पण कळप आणि आग विझवणारी यंत्रणा उशिरा पोचली. तिथल्या झाडांवर खुणा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहतात.

आग थांबल्यावर रोपं मरेनाशी झाली. मोकळ्या जंगलात बारीक झाडांची दाटी झाली, आणि ती दाटी ज्वाळांना शेंड्यापर्यंत चढायला शिडी झाली. न्यू मेक्सिकोच्या हेमेस डोंगरांत २०११ च्या जूनमध्ये लागलेल्या लास कोंचास वणव्याने दीड लाख एकरांहून जास्त जाळलं. ज्या झाडांनी शतकानुशतकं जमिनीवरच्या आगी सोसल्या होत्या, ती उभी जळाली. काही भागांत बी टाकायलाही झाड उरलं नाही. सिकोयांचंही तसंच. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के मेले किंवा मरणपंथाला लागले.

१४. माणसाने लावलेली आग आणि विजेची आग, खुणेवरून वेगळी ओळखता येते का?

एका खुणेवरून कधीच नाही. जखम दोन्हींची सारखीच. पण मांडणीवरून बरंच उमगतं.

हेमेस डोंगरांतच पुएब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांची मोठी गावं होती. माणसं सरपणाला काटक्या वेचत, शेतं आणि पायवाटा होत्या, ठिकठिकाणी लहान आगी लावल्या जात. त्या काळच्या खुणा विखुरलेल्या, छोट्या आगींच्या आहेत. १६२० च्या दशकात स्पॅनिश मिशनं, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांची ठाणी आली. त्यानंतर १६८० पर्यंत रोगराई, उपासमार आणि जुलूम यांत तिथली सुमारे ८७ टक्के लोकसंख्या गेली, असं मॅथ्यू लीबमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं. ओसाड गावांत झाडं उगवली, जळण सलग झालं आणि वणवे दूरवर पसरू लागले. माणसं गेल्याची नोंद झाडांच्या जन्मवर्षांत आणि आगीच्या खुणांत राहिली आहे. ‘माणूस येण्याआधीचं निसर्गाचं चक्र’ असं कुणी सरसकट म्हणायला लागलं की मला ही गावं आठवतात.

१५. भारतात असं काम झालंय का? आपल्या सह्याद्रीत, विदर्भात होईल का?

हिमालयाच्या पायथ्याचं चीड पाइन यासाठी योग्य झाड आहे. एप्रिलमध्ये उत्तराखंडातल्या चीडच्या जंगलातून चाललात तर पायाखाली वाळलेल्या सुयांचा, स्थानिक भाषेत पिरूलचा, घसरता थर असतो आणि कित्येक बुंधे तळाशी काळे झालेले दिसतात. चीडवरून वणव्यांचा इतिहास काढता येतो, हे दाखवणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली अडचण म्हणजे लीसा, अर्थात राळ काढण्यासाठी बुंध्यावर केलेले घाव. ते आगीच्या जखमांत मिसळतात, आणि राळ पाझरणारा घाव आगीलाही लवकर बळी पडतो. दुसरीकडे तिथे ताडून पाहायला लिखित इतिहास आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात कुमाऊंमध्ये ब्रिटिशांच्या वननियमांविरुद्ध लोकांनी चीडची जंगलं पेटवली होती. त्या वर्षाच्या खुणा असलेले बुंधे मिळाले तर कागद आणि लाकूड समोरासमोर ठेवता येतील.

महाराष्ट्रात सागाला स्पष्ट वार्षिक वलयं येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून पावसाचा अभ्यास कित्येक वर्षं झाला आहे. पण वणव्यासाठी अडचणी आहेत. सागात पाइनसारखी राळ नाही, मेलेला भाग वाळवी आणि कूज खाते, आणि जुनी झाडं तोडीत गेली. शिवाय आपले वणवे फेब्रुवारी ते मे दरम्यानचे, मोहफुलं वेचायला आणि तेंदूची पालवी फुटायला जमीन जाळतात तेव्हाचे. तेव्हा साग निष्पर्ण, वाढ थांबलेली. म्हणजे जखम नेहमी वलयाच्या सीमेवरच येणार आणि हंगामाचा बारकावा मिळणार नाही. तरी रुंदपर्णी झाडांवरून हे होतच नाही असं नाही. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात ओकच्या खुणांवरून चांगला इतिहास काढला गेला आहे. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात मात्र बऱ्याच झाडांची वलयं वार्षिक नसतात, तिथे ही वाट बंद आहे.

१६. मग आपल्याकडचेही वणवे चांगलेच म्हणायचे का?

प्रश्न १३ वाचून हे विचारणारे बरेच असतात, म्हणून स्पष्ट लिहितो. नाही. पाँडेरोसाचा निष्कर्ष पाँडेरोसाच्या जंगलापुरता आहे. तो खुद्द अमेरिकेतल्याही प्रत्येक जंगलाला लागू नाही; लॉजपोलचं उदाहरण वर आलंच. सह्याद्रीच्या उतारावर दरवर्षी लागणारी आग आणि पाँडेरोसात दहा वर्षांनी येणारी आग या वेगळ्या गोष्टी आहेत. दरवर्षीच्या आगीत रोप बुंधा धरायच्या आधीच जातं. कुणी वृक्षवलयांचा दाखला देऊन गवताळ डोंगराला काडी लावायचं समर्थन करत असेल तर त्याला कोणत्या झाडाचा, कुठला दाखला, असं विचारा.

१७. खूण दोन वलयांच्या सीमेवर असेल तर वर्ष कोणतं धरायचं, आधीचं की पुढचं?

हा अभ्यासकांनाही घोळात पाडणारा प्रश्न. सीमा म्हणजे एका हंगामाच्या शेवटापासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा सगळा काळ. ॲरिझोनात आगीचा हंगाम पावसाआधीचा, म्हणून तिथे सीमेवरची खूण पुढच्या वर्षाच्या वसंतात धरतात. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा आणि आगी उशिरा, शरदापर्यंत लागतात. तिथे तीच खूण बहुधा आधीच्या वर्षात जाते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वाढीचा हंगामच दोन कॅलेंडर वर्षांत पसरलेला असतो. तिथे ज्या वर्षी वाढ सुरू झाली ते वलयाचं वर्ष मानायची रीत आहे, त्यामुळे फेब्रुवारी २०१९ ची आग २०१८ च्या वलयात सापडते.

१८. कार्बन-१४ ने सरळ तारीख का काढत नाहीत?

त्याचं उत्तर बहुधा काही दशकांच्या पल्ल्यात येतं. दहा वर्षांनी येणाऱ्या वणव्यांसाठी ते माप फारच ढोबळ आहे.

१९. आमच्या गावाजवळ बुंध्याशी काळी पोकळी असलेलं जुनं झाड आहे. काय करू?

कापू नका, आतला कोळसा खरवडू नका. झाडाची जात, पोकळी कोणत्या दिशेला आहे, ती चढाकडच्या बाजूला आहे का, तळापासून किती उंच जाते, कडेला वळलेल्या लाकडाचे किती पदर दिसतात, एवढं लिहून ठेवा. माणूस शेजारी उभा करून फोटो काढा. गावातल्या वयस्कर मंडळींना त्या बाजूचे वणवे आठवतात का, विचारा. साल आठवत नसेल तर कुणाच्या लग्नाच्या वर्षी, कोणत्या दुष्काळाच्या आधी, असं विचारलं की बरंच निघतं. झाड पडलं किंवा वनविभागाने तोडलं, तर बुंध्याचा तळाकडचा दोन फुटांचा भाग जळणात जाण्याआधी सावलीत, वाळवीपासून उंचावर ठेवता येतो का पाहा. फटी पडल्या तरी चालतील, त्यातून वलयं वाचता येतात.